कुशाईची खोळ

कुशाईच्या खांद्यावरून शेंदराचा पहिला पोपडा सुटला, तेव्हा मी सभामंडपात खांबाच्या आडोशाला नारळाच्या शेंड्या सोलत बसले होते. गाभाऱ्यात हे देवीला तेल चढवत होते. आवाज फार नव्हता. उन्हात राहिलेलं मडकं तडकावं, तेवढाच. पण मंत्र मध्येच थांबला आणि तेलाची वाटी खाली ठेवल्याचं मला ऐकू आलं.

"काय झालं हो?" मी विचारलं.

उंबऱ्याशी ओटीचं ताट घेऊन उभी असलेली यात्रेकरू बाई माझ्याकडे पाहायला लागली. मग हे मागं पाय टाकत, देवीला पाठ न दाखवता बाहेर आले. दोन्ही तळहात शेंदरानं लाल होते, चेहरा मात्र पांढराफटक.

"आईला बोलाव," हे म्हणाले. "देवीनं खोळ टाकली."

पंचवटीत रामकुंडावरून खाली गोदेच्या अंगानं चालत गेलं की मोठमोठ्या देवळांच्या पाठीमागं आमचं देऊळ यायचं. काळ्या पाषाणाचं, बसकं, शिखर अर्धं झिजलेलं. रामाचं दर्शन झालं, गोदेत स्नान झालं की ज्यांची कूस उजवायची राहिली आहे अशा बाया हळूच इकडं वळायच्या. कुशाईची ओटी भरायच्या. देवी म्हणजे डोळ्यांच्या दोन चांदीच्या पट्ट्या आणि बाकी सगळा शेंदराचा डोंगर. मांडीच्या जागी एक उंचवटा होता. त्यालाच बाळ म्हणायचे. बाया त्या उंचवट्याला हात लावायच्या आणि तोच हात आपल्या पोटावर फिरवायच्या.

गोदेच्या घाटावरी काळी कातळाची माय
कुणी पाहिलं गं बाई शेंदराच्या आत काय

ही ओवी मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंच्या तोंडून ऐकली होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या दळताना ती म्हणायच्या, आणि दुसरी ओळ आली की जात्याचा खुंटा जरा हळू फिरायचा. मला वाटायचं, दमल्या असतील.

शेंदरावर शेंदूर, तेलावर तेल, पिढ्यान्‌पिढ्या चढत जातं. त्याचं कवच होतं. त्याला खोळ म्हणतात. एक दिवस देवीला तिचा भार होतो आणि ती खोळ टाकते. साऱ्या आयुष्यात गुरवाच्या घरानं हे एकदा पाहायचं, झालंच तर. आमच्यात त्याची रीत ठरलेली. खोळ टाकलेली देवी म्हणजे ओली बाळंतीण. तिच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, मग तो पुजारी का असेना. दार लावून घ्यायचं. घरातल्या एका सवाष्ण लेकुरवाळीनं आत जायचं, उरलेली खोळ उतरवायची, देवीला ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, नव्या शेंदराचा लेप चढवायचा आणि मगच दार उघडायचं. तोवर देवीला कुणी पाहायचं नाही.

आणि घरात तशी लेकुरवाळी नसली, तर भाऊबंदांच्या घरची आत जाते. जिच्या हातचा लेप, तिच्या घरची पूजा. पुढची खोळ पडेपर्यंत.

मला हे सगळं माहीत होतं. म्हणून आत्याबाईंना बोलवायला घाटाच्या पायऱ्या मी रेंगाळत चढले.

त्या कार्तिकात मी बाळंत झाले होते. दिवस भरायच्या आधीच कळा आल्या, माहेरी जायलाही फुरसत मिळाली नाही. नंतर ताप चढला. शुद्धीवर आले तेव्हा खोली शेणानं सारवलेली होती आणि तुळईला पाळण्याची दोरी नव्हती. मी कुणाला काही विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही. ताप उतरल्यावर मी उठले आणि नारळ सोलायला बसले. डिंकाचे लाडू नाहीत, शेक-शेगडी नाही. ज्या घरात पाळणा हलत नाही, तिथं बाळंतीण कुठली?

खांबाच्या आडोशाला मी बसायचे तेही उगाच नाही. चुलत जाऊबाईंनी, अनसाबाईंनी, एकदा अगदी मायेनं सांगितलं होतं, "द्वारके, ओटी भरणाऱ्या बायांसमोर नको गं बसत जाऊ. बिचाऱ्या आशेनं येतात. तुला बघून त्यांना कसंसंच होतं."

अर्ध्या तासात सगळे सभामंडपात जमले. चुलत सासरे नानाकाका आले. त्यांनी आल्या आल्या गाभाऱ्याचं दार ओढून कडी घातली. त्यांच्या मागं त्यांची सून अनसाबाई, धुतलेलं हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून. ती तयार होऊनच आली होती. आत्याबाई मात्र मंडपात आल्या नाहीत. मामंजी गेल्यापासून सवाष्णींचं काही कार्य असलं की त्या पायरीच्या खालीच थांबायच्या. आजही तिथंच, डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या.

"गंगाधर, वाईट वाटून घेऊ नकोस," नानाकाका ह्यांना म्हणाले. "देवीचं काम आहे, हट्टाचं नाही. अनसा आत जाईल."

"आमचं घर चालू पूजेचं आहे, काका," हे म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"घर आहे रे. लेकुरवाळी कुठंय?"

हे खाली बघायला लागले. मी खांबाला टेकले होते. तो दगड फाल्गुनातही थंडगार लागत होता. मला वाटत होतं, सगळ्यांनी लवकर काय ते ठरवावं, अनसाबाईनं आत जावं आणि मला घरी जाऊ द्यावं. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की आज ती आत गेली, तर मी या गावात जन्मभर खांबाआडच राहीन. कुशाईच्या घरची, आणि कुशाईनंच नाकारलेली.

अनसाबाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "अगं, माझ्या पदरात चार आहेत. देवीलाही भरल्या हाताचं बरं वाटेल. तू बाहेर बसून पाणी तापवून दे. तेही पुण्यच."

"भावजी," पायरीखालून आत्याबाई बोलल्या. "लेकुरवाळी कुणाला म्हणायचं?"

नानाकाकांनी वळून पाहिलं. "हे काय विचारणं झालं, वहिनी? जिला लेकरू झालं तिला."

"झालं ना हिला."

"झालं, पण..." ते अडखळले. "ते राहिलं नाही."

"राहिलं नाही, ही वेगळी गोष्ट. झालं का नाही, तेवढं बोला. तुम्ही तिथं नव्हता. मी होते. नाळ माझ्या हातानं कापली. रडलं ते. चांगलं दोनदा रडलं. मूठ सोडवत नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही की कापला नाही. "जे रडलं ते लेकरू. आणि त्याची आई ही."

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. माझे हात खांबावरून निसटले. रडलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एवढे दिवस मनाशी धरून बसले होते, की माझ्या पोटातून नुसतं गप्पपण बाहेर आलं.

नानाकाका पडतं घेणारे नव्हते, पण न्यायाचं बोलणं ऐकून घेणारे होते. त्यांनी मान हलवली. "बरं. जाऊ दे हिला आत. पण एक आत्ताच सगळ्यांदेखत सांगतो. भंगलेली मूर्ती पूजेत राहत नाही, हे शास्त्र आहे. खोळीखाली काय आहे ते आम्हा पुरुषांपैकी कुणी पाहिलेलं नाही. पाषाणाला तडा असेल, काही तुटलं असेल, तर बाहेर येऊन खरं सांगायचं. मग देवी डोहात पोचवायची. आणि मी जयपूरला सांगून संगमरवराची आणतो. हसरा चेहरा, मांडीवर बाळ. लोक शेंदराच्या गोळ्याला किती दिवस हात जोडतील?"

"खरं सांगेन," मी म्हणाले. सगळे जमल्यापासूनचा तो माझा पहिला शब्द होता.

आत्याबाईंनी सामान पायरीवर ठेवलं. ऊन पाण्याचा हंडा, कोरं फडकं, शेंदराची पुडी, तिळाचं तेल, निखाऱ्यांचं धुपाटणं. आणि मेणाचा एक मोठा गोळा, नारळाएवढा.

"एवढं मेण?" नानाकाकांनी विचारलं. "लेपात चिमूटभर घालतात."

"लागतं," आत्याबाई म्हणाल्या.

मी आत गेले. दार मागं लागलं. बाहेरून नाही, मीच आतून अडसर घातला, तशी रीत.

समईच्या उजेडात कुशाई अर्धी उघडी होती. एका खांद्यावर काळा, ओला दिसणारा पाषाण. बाकी अंगावर खोळ लोंबत होती, जुन्या झाडाची साल लोंबते तशी. मी हात जोडले, पण मंत्र कुठला म्हणायचा ते कुणी सांगितलं नव्हतं. मग मी एखाद्या बाळंतिणीशी बोलावं तशी म्हणाले, "बाई, हळूच करते हं."

खोळ जड होती. एकेक तुकडा सुटा करून फडक्यावर ठेवत गेले. खाली चेहरा निघाला. झिजलेला, नाकाचा शेंडा पुसट झालेला, पण ओठ स्पष्ट. ती हसत नव्हती. खाली मांडीकडे पाहत होती. गळा निघाला, भरलेले स्तन निघाले, डावा हात निघाला. त्या हातानं काहीतरी कवळून धरलेलं होतं. मांडीवरचा तुकडा सर्वांत मोठा. मी दोन्ही हातांनी ओढला, तो एकदम निखळला आणि माझ्या हातून सुटून फरशीवर पडला. मोठा आवाज झाला.

समई जवळ नेली. देवीच्या मांडीवर बाळ होतं. गुबगुबीत पाय, बेंबी, छातीशी घेतलेली इवलीशी मूठ. आणि मुठीच्या वर काही नव्हतं. बाळाला डोकं नव्हतं.

मी तोडलं. खोळ ओढताना मीच तोडलं. देवीच्या मांडीवरचंही माझ्याच हातानं गेलं. मी खाली बसले आणि तुकड्यांतून चाचपायला लागले. एवढंसं डोकं, कुठं गडगडत गेलं असेल? देव्हाऱ्याखाली पाहिलं, कोनाड्याखाली पाहिलं. बोटं शेंदरानं, तेलानं बरबटली.

दारावर थाप पडली. "द्वारका? काय पडलं?" नानाकाका.

"खोळीचा तुकडा."

"मूर्तीला काही झालं नाही ना?"

"पुसतेय अजून," मी म्हणाले.

मग मी तो मोठा तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला, बाळाच्या गळ्यापाशी जिथं खोळ बसलेली होती, तिथं एक लाल गोळा रुतलेला होता. मी तो बोटांनी सोडवला. डोकं होतं. पण दगडाचं नव्हतं. मेणाचं आणि शेंदराचं. बसकं, गोल, डोळ्यांच्या जागी अंगठ्याचे दोन खळगे. त्या खळग्यांत कुणाच्या तरी अंगठ्याच्या रेषा अजून तशाच होत्या. गोळ्याला एक फट गेली होती. त्यातून आत दुसरा गोळा दिसत होता, काळपट, जुना. त्यालाही दोन खळगे. त्याच्या आत आणखी काही होतं, पण मी पुढं उकललं नाही.

मी परत समई घेतली आणि पाषाणाच्या गळ्याला बोट लावलं. तुटल्याची कड धारदार असते. ही गुळगुळीत होती. गोटा पाण्यानं होतो तशी, कितीतरी हातांनी झालेली. हे आज तुटलं नव्हतं. माझ्या जन्माआधी, ह्या घराच्या वंशाआधी कधीतरी ते गेलं होतं. कुशाई तेव्हापासून मांडीकडे तशीच बघत बसलेली होती. आणि जगाला लेकरं वाटत होती.

दारावर पुन्हा थाप. आता जोरात. "द्वारका, स्पष्ट सांग. मूर्ती अखंड आहे की नाही? घाटावरचे चार लोक जमलेत. मला त्यांना सांगायचंय."

खरं सांगेन असं म्हणाले होते. खरं सांगितलं तर उद्या सकाळी हिला दोरानं बांधून डोहात नेतील. तिचं लेकरू राहिलं नाही, म्हणून तीही राहायची नाही. आणि मग तिच्या जागी हसरी बसेल.

"द्वारका!"

मी मेणाचा गोळा धुपाटण्यावर धरला होता. तो हातात मऊ होत होता, कोमट, तान्ह्याच्या टाळूसारखा. मला माझ्या लेकराचं तोंड ठाऊक नव्हतं. कुणासारखं करायचं, काय करायचं, काही कळेना. पण हात थांबेनात.

"हळू बोला, काका," मी आतून म्हणाले. "लेकरू मांडीवर निजलंय."

मग नानाकाकांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत, स्वतःशीच बोलल्यासारखा, "बरं बरं. निजू दे." आणि पावलं मागं गेली. कुणीतरी बाई म्हणाली, "मांडीवर खरंच बाळ आहे गं." दुसरी रडायलाच लागली.

मग मला घाई उरली नाही. देवीला पाण्यानं न्हाऊ घातलं. स्तनांवरून, हातांवरून, त्या इवल्या पायांवरून पाणी सोडलं. कोरड्या फडक्यानं टिपलं. धुरी दिली. मेणात शेंदूर मळला, तेल घातलं, पोळीच्या कणकेसारखा गोळा मऊ केला आणि ते जुनं डोकं त्याच्या पोटात घेतलं. गळ्यावर ठेवला आणि बसेना. एकदा घसरला, दुसऱ्यांदा कलंडला. माझा घाम निथळत होता. मग मी धुपाटण्यावर शेकलेला हात दगडाच्या गळ्यावर ठेवला, बराच वेळ ठेवला, दगडाला ऊब आली, आणि पुन्हा गोळा बसवला. या वेळी धरला. डोळे केले. कपाळ केलं. कान केले. करताना तोंडात काहीतरी येत होतं, आपोआप.

निज निज रे तान्हुल्या, गोदा आली दारापाशी
तिला सांगते मी बाई, पायरी गं चढू नको

मग वरून लेप. एक हात, दुसरा हात, तिसरा. पाय बुडाले, मूठ बुडाली, देवीचं पाहणं बुडालं. चांदीचे डोळे बसवले. दिवेलागणीला मी अडसर काढला.

लोकांनी कुशाईला हात जोडले. नानाकाका उंबऱ्याशी आले, वाकले, मांडीकडे निरखून पाहिलं. "आता बाळ नीट दिसतंय," ते म्हणाले. अनसाबाईनं पुढं होऊन माझी ओटी भरली. खोळीचे तुकडे फडक्यात बांधून मी छातीशी धरले होते. ते दुसऱ्या दिवशी पहाटे गोदेत सोडले. गाठ मी कुणाला सोडू दिली नाही.

त्या संध्याकाळी घरी आले तर परसात चूल पेटलेली होती आणि तिच्यावर मोठा हंडा. आत्याबाई पाट मांडून बसल्या होत्या. शेजारी तेलाची वाटी, हळद, शेगडीत ओव्याची धुरी.

"बस," त्या म्हणाल्या.

"मी झालेय न्हाऊन, आत्याबाई. सकाळीच."

"बस म्हणते ना."

मी बसले. त्यांनी माझा अंबाडा सोडला. डोक्यावर तेल घातलं, टाळूवर थापटलं. मग पाठ चोळायला लागल्या. मणक्याच्या दोन्ही अंगांनी, अंगठ्यांनी, खालून वर. इतके महिने तिथं कुठं काय साठून राहिलं होतं, ते त्यांच्या अंगठ्यांना बरोबर सापडत होतं. परसाच्या भिंतीपलीकडं अनसाबाईच्या घरची पोरं भांडत होती.

"नाक ओढलंस का?" मधेच त्यांनी विचारलं.

मला कळेना. "कुणाचं?"

"त्याचं." पाठीवरचा हात चालूच होता. "मी केलं तेव्हा नाक बसकंच राहिलं. सासूबाईंनी बजावलं होतं, मेण कोमट आहे तोवरच चिमटीत धर, मग जमत नाही. पण बाहेर माणसं दार वाजवायला लागली. मी घाबरले. मेण गार झालं." त्या थोडं थांबल्या. "जन्मभर वाटत राहिलं, नाक राहिलंच."

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चुलीच्या उजेडात त्या तेलाच्या वाटीत बोटं बुडवत होत्या. डोळे खाली.

"ओढलं," मी म्हणाले. "चाफेकळीसारखं आलंय."

"मग बरं."

त्यांनी पहिला तांब्या माझ्या डोक्यावरून ओतला. पाणी कढत होतं, सोसेल इतकंच. दुसरा ओतला. आणि मला रडू फुटलं. कार्तिकात आलं नव्हतं ते सगळं, मोठ्यानं, आवरेना. आत्याबाईंनी उगी म्हटलं नाही. त्या पाणी ओतत राहिल्या. भिंतीपलीकडची पोरं गप्प झाली आणि अनसाबाईचा आवाज आला, "काय झालं हो, काकूबाई? कोण रडतंय?"

"काही नाही गं," आत्याबाई म्हणाल्या. "बाळंतीण न्हातेय."